पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय आणि खानदेशात वकिली करू पाहणारी मुलगी

शहादा तालुक्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावीला आहे, तिला वकील व्हायचे आहे आणि घरात आजवर कोणी वकील झालेले नाही. पुण्याचे आय. एल. एस. विधी महाविद्यालय फार जुने आणि नामांकित आहे असे सगळेच सांगतात; पण त्याचा इतिहास काय, तेथे कोणकोणते अभ्यासक्रम आहेत, आणि शिकून झाल्यावर मुलगी नंदुरबार किंवा धुळ्यालाच वकिली करणार असेल, तर तिला एवढ्या लांब पाठवण्यात अर्थ आहे का? मी त्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी आहे आणि आज धुळ्याच्या न्यायालयात मुख्यतः दिवाणी कामे चालवतो, त्यामुळे पुण्याची बाजू आणि इथली बाजू या दोन्हींबद्दल काही सांगू शकेन. माझे मत आधीच देतो, कारणे नंतर येतील. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिथे प्रवेश मिळत असेल तर आपण तिला जरूर पाठवावे, मात्र सुट्ट्यांतला मोठा भाग तिने इथल्या न्यायालयात काढावा. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पुण्याचा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही.

इंडियन लॉ सोसायटी ही संस्था १९२३ मध्ये स्थापन झाली आणि तिने १९२४ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले. म्हणजे ते सरकारने काढलेले नाही. कायद्याच्या क्षेत्रातल्या मंडळींनी संस्था उभारून चालवलेले आहे, आणि आजही तीच संस्था ते चालवते. त्याआधी मुंबई इलाख्यात ज्याला कायद्याची पदवी हवी, त्याला बहुधा मुंबईच गाठावी लागे. तिथले सरकारी विधी महाविद्यालय १८५५ पासूनचे. खानदेशातल्या मुलाने आधी कुठेतरी बी. ए. व्हायचे, मग मुंबईत कोणा ओळखीच्याकडे पथारी टाकायची आणि नोकरी सांभाळत कायद्याच्या परीक्षा द्यायच्या, हा त्या काळचा नेहमीचा मार्ग. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्यालये ठरली, पण कायदा शिकण्याची सोय या दोन्ही ठिकाणी पुढे कित्येक वर्षे नव्हती. पुण्याचे महाविद्यालय निघाल्यावर मुंबईचा खर्च न झेपणाऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या मुलांना पदवीचे दुसरे दार उघडले. त्याच्या जुनेपणाचा खरा अर्थ मी हाच समजतो.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. ते व्यवसायाने वकील आणि धर्मशास्त्राचे व्यासंगी अभ्यासक होते. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा, नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख असे हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ त्यांनी संपादित केले आणि इंग्रजीत आणले. हे वाचून आपल्याला वाटेल की जुन्या पोथ्यांचा शहाद्याच्या शेतजमिनीशी काय संबंध. पण संबंध आहे आणि तो थेट आहे. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांपुढे वाटणीचा आणि वारसाचा वाद आला की पहिला प्रश्न असे, या भागाला कोणता ग्रंथ प्रमाण मानायचा. कोकणात रत्नागिरीकडे मिताक्षरा श्रेष्ठ मानली गेली. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात, दोहोंत मतभेद असेल तिथे, मयूखाला झुकते माप मिळाले. आणि पुणे, अहमदनगर व खानदेश या भागांत मयूखाला मिताक्षरेच्या जवळजवळ बरोबरीचे स्थान देऊन दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाटण्या ज्या नियमांनी झाल्या, ते नियम ज्या ग्रंथांतून काढले गेले, त्या ग्रंथांचा जाणकार या महाविद्यालयाच्या पहिल्या खुर्चीवर बसला होता.

हा धागा आजच्या कामातही तुटलेला नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये आला, तरी वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध हक्क ही मिताक्षरेची कल्पना त्याने तशीच ठेवली आणि तो हक्क मुलग्यांपुरताच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, केले, पण त्या दुरुस्तीपूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढून टाकला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यामुळे दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे गरजेचे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटणीला मात्र त्याने धक्का लागत नाही. आज आमच्याकडे येणाऱ्या वाटपाच्या दाव्यांत वादी बहुतेक वेळा एखादी बहीण असते. भाऊ म्हणतात, हिने तलाठ्यासमोर सही करून हक्क सोडला, फेरफार नोंद झाली, विषय संपला. तो संपलेला नसतो, कारण फेरफार नोंद ही महसूल वसुलीच्या सोयीसाठी असते. तिने मालकी जात नाही आणि येतही नाही, आणि स्थावरातला हक्क सोडायचा तर त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. एवढे एक प्रकरण नीट चालवायचे तर वकिलाला मिताक्षरेतली कल्पना, १९५६ चे कलम ६, राज्याची दुरुस्ती, केंद्राची दुरुस्ती, २०२० चा निकाल, नोंदणी कायदा आणि जमीन महसूल संहिता हे सगळे एका साखळीत लावता आले पाहिजे. चांगले विधी महाविद्यालय ही साखळी लावायला शिकवते. त्यातली प्रत्येक कडी तिथे पाठ होत नाही, पण एखादी कडी सुटली आहे हे ध्यानात येण्याइतकी नजर तयार होते.

माजी विद्यार्थ्यांची यादी मी लांबवणार नाही; ती कोणत्याही माहितीपत्रकात मिळते. सरन्यायाधीश पी. बी. गजेंद्रगडकर आणि सरन्यायाधीश वाय. व्ही. चंद्रचूड हे दोघे इथले, आणि यशवंतराव चव्हाण व विलासराव देशमुख हेही कायद्याच्या शिक्षणासाठी इथेच होते. मात्र खानदेशाचा जुना संबंध पुण्याशी जितका, तितकाच मुंबईशीही आहे, हे विसरू नये. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेल्या प्रतिभाताई पाटील यांनी कायद्याची पदवी मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयातून घेतली आणि जळगावच्या न्यायालयात वकिली केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच मुंबईच्या महाविद्यालयाचे प्राचार्य असताना, १९३७ च्या जुलैअखेर, एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. दरवर्षी ३१ जुलैला लोक तिथे जमतात. तात्पर्य इतकेच की मोठे वकील एकाच फाटकातून बाहेर पडत नाहीत, आणि नामावळी पाहून महाविद्यालय निवडणे मला पटत नाही.

महाविद्यालय सुरुवातीला मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर तिकडे गेले. त्या काळात कायदा हा पदवीनंतरचा शिक्षणक्रम होता. अधिवक्ता अधिनियम १९६१ मध्ये आला, प्लीडर, वकील, ॲडव्होकेट अशा निरनिराळ्या पायऱ्या जाऊन देशभर अधिवक्त्यांचा एकच वर्ग झाला आणि कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेले. १९८० च्या दशकात बारावीनंतरचा पाच वर्षांचा जोडअभ्यासक्रम रुजू लागला. पुणे विद्यापीठाने तो बी. एस. एल., एलएल. बी. या नावाने चालवला; तीन वर्षांनी बी. एस. एल. पदवी आणि पुढची दोन वर्षे एलएल. बी. अशी त्याची रचना होती. धुळ्या-जळगावच्या बार रूममध्ये पाट्यांवर आपल्याला जे 'बी. एस. एल., एलएल. बी.' दिसते ते हेच. पुढे त्याचे रूप बदलून बी. ए., एलएल. बी. झाले. एखाद्या जुन्या वकिलांनी आपल्या मुलीला 'बी. एस. एल. कर' असा सल्ला दिला असेल, तर अर्जात तिने बी. ए., एलएल. बी. शोधावे.

आता अभ्यासक्रमांकडे वळतो. मुख्य अभ्यासक्रम दोन आहेत: बारावीनंतर पाच वर्षांचा बी. ए., एलएल. बी. आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल. बी. त्यानंतर एलएल. एम. आहे, आणि करविषयक कायदे, कामगार कायदे अशा विषयांतल्या पदविका आहेत. संस्थेने २००७ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा आणि धोरण यासाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने त्या विषयातली आंतरराष्ट्रीय पदविका चालवली. विधी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेने असे काम हाती घेणे आपल्याकडे विरळाच. पदविकांबद्दल एवढेच सांगतो की त्या मुख्य पदवीची जागा घेत नाहीत. ज्याला जळगावला करसल्ल्याचे काम करायचे आहे, किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची प्रकरणे कामगार न्यायालयात चालवायची आहेत, त्याला त्यांचा उपयोग होतो. बारावीच्या मुलीने आज त्यांचा विचार करण्याची गरज नाही. एलएल. एम. चेही तसेच. अध्यापन किंवा संशोधन करायचे असेल तर ते आवश्यक आहे, तालुका न्यायालयात उलटतपास घ्यायचा असेल तर नाही.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या वर्षांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजी असतात आणि त्यांच्या जोडीने कायद्याचे विषय येऊ लागतात. पालकांना ही वर्षे फुकट गेल्यासारखी वाटतात, कारण मुलगी 'लॉ' करते म्हणून सांगावे आणि पुस्तक निघावे अर्थशास्त्राचे. पण याच वर्षांत ती सलग दहा पाने वाचून त्यातला मुद्दा दोन ओळींत मांडायला शिकते, आणि वकिलीचे निम्मे काम तेच आहे. पुढच्या वर्षांत संविधान, करार, अपकृत्य, कौटुंबिक कायदा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेले भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम हे विषय येतात. आपल्या मुलीच्या पिढीला एक अडचण मात्र येणार आहे. जुन्या फौजदारी कायद्यांखालचे हजारो खटले अजून प्रलंबित आहेत, त्यामुळे तिला फसवणुकीचे जुने ४२० आणि नवे ३१८ ही दोन्ही कलमे माहीत असावी लागतील.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार प्रत्येक विधी महाविद्यालयाला चार व्यावहारिक विषय शिकवावेच लागतात: दावे, अर्ज व दस्त यांचे मसुदे करणे; व्यवसायनीती; तडजोड, मध्यस्थी आणि लवाद; आणि मूट कोर्ट (सरावाचे न्यायालय) व इंटर्नशिप. हजेरी ७० टक्के हवी. पाच वर्षांच्या विद्यार्थ्याने एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या विद्यार्थ्याने किमान १२ आठवडे इंटर्नशिप करायची असते. नियम सगळीकडे सारखेच आहेत. फरक पडतो तो ते किती मनापासून पाळले जातात यात. काही ठिकाणी इंटर्नशिप म्हणजे ओळखीच्या वकिलाची सही आणलेली वही, आणि मूट कोर्ट म्हणजे वर्षअखेरीस वाचून दाखवलेला कागद.

पुण्यात मूट कोर्टाचे वातावरण खरे असते, आणि त्याचा फायदा काय होतो ते जवळून सांगण्यासारखे आहे. विद्यार्थ्याला एक काल्पनिक खटला मिळतो, त्यावर दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद तयार करावे लागतात आणि मग परीक्षक न्यायाधीश म्हणून बसलेले असताना उभे राहून बोलावे लागते. पाठ केलेले भाषण दोन मिनिटेसुद्धा टिकत नाही, कारण परीक्षक मधेच विचारतात, 'हा निकाल म्हणता, तो कोणत्या परिच्छेदात? तिथल्या वस्तुस्थितीत आणि तुमच्यात फरक काय? तो न्यायनिर्णय आहे की जाता जाता केलेले भाष्य?' ज्या मुलीला या तीन प्रश्नांची सवय झाली, ती पुढे न्यायाधीशांनी मधेच अडवल्यावर गडबडत नाही. वर्गातले शिकवणे इंग्रजीत असते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले वर्ष जड जाते; पण ग्रंथालयात रोज बसणाऱ्याची ती अडचण पुढे राहत नाही असा माझा अनुभव आहे. वसतिगृह आहे, जागा मर्यादित आहेत, आणि ज्या रस्त्याला महाविद्यालयाचे नाव पडले त्या लॉ कॉलेज रस्त्यावर भाड्याने खोली घेणे स्वस्त नाही, हेही आपण हिशेबात धरावे.

आता पुण्यात जे मिळत नाही ते. महाराष्ट्रात २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. इंग्रजीत शिकलेली, हुशार, स्पर्धा जिंकलेली मुलगी धुळ्याच्या न्यायालयात येते आणि पहिल्या दाव्याच्या मसुद्याला अडते, कारण 'वादी कथन करतो ते येणेप्रमाणे' पासून 'सबब विनंती की' पर्यंतची भाषा तिच्या कानावरून कधी गेलेलीच नसते. मी ज्युनिअरच्या मसुद्यात सर्वांत आधी मिळकतीचे वर्णन पाहतो. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार, आणि चतुःसीमा: पूर्वेस अमुक यांची शेतजमीन, पश्चिमेस नाला, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस गट नंबर तमुक. यात पूर्व-पश्चिम उलटी झाली तर दाव्याचा निकाल बाजूने लागूनही ताबा घेताना दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, घोळ होतो. मग वंशावळ, एका मयत वारसाच्या मुली राहून गेल्या तर दावा आवश्यक पक्षकाराअभावी अडतो. मग निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज. प्रथमदर्शनी प्रकरण, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान हे तीन मुद्दे मुलीला पुण्यात पाठ होतात. पण केळीच्या बागेला पाणी देणारी सामाईक विहिरीवरची मोटार भावाने बंद केली असेल, तर 'भरून न येणारे नुकसान' म्हणून नेमके काय लिहायचे, बाग कितव्या महिन्यात आहे, घड निसवायला किती दिवस आहेत, पाणी किती दिवसांच्या पाळीने लागते, हे पक्षकाराला विचारून काढायचे कसब इथेच येते.

नंदुरबारच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. १ जुलै १९९८ रोजी झालेल्या या जिल्ह्यात अक्कलकुवा, धडगाव हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित होण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत, पूर्वी गेलेल्या जमिनी परत मिळण्यासाठी राज्याचा १९७४ चा वेगळा कायदा आहे, ग्रामसभांच्या अधिकारांसाठी १९९६ चा पेसा आहे आणि वनजमिनींसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. शिवाय सरदार सरोवराच्या बुडित क्षेत्रातून उठलेल्या गावांचे पुनर्वसनाचे प्रश्न आहेत. पुण्याच्या वर्गात या कायद्यांवर फार तर काही व्याख्याने होत असतील. आपल्या मुलीची वकिली मात्र कदाचित यांवरच उभी राहील. म्हणून माझा आग्रह आहे की २० आठवड्यांच्या इंटर्नशिपपैकी निम्मे तरी आठवडे तिने शहादा, नंदुरबार किंवा धुळ्याच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडे काढावेत, आणि त्यातला काही काळ तहसील व प्रांत कार्यालयातल्या महसुली प्रकरणांना द्यावा. इथल्या सगळ्या जिल्ह्यांची अपिले उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जातात, तेव्हा चौथ्या-पाचव्या वर्षी एक इंटर्नशिप तिथेही करावी. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॉ फर्मचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण आपण सांगितलेल्या बेतासाठी त्याचा उपयोग थोडा.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल माझे मत वेगळे का, तेही सांगतो. पदवी झालेला विद्यार्थी बावीस-तेवीस वर्षांचा असतो, त्याला लवकर न्यायालयात उभे राहायचे असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी विधी महाविद्यालये आहेत आणि ती १९९० मध्ये स्थापन झालेल्या, आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. सकाळी तास करून दुपारी न्यायालयात ज्येष्ठांच्या मागे उभे राहण्याची सोय घराजवळ राहूनच होते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोन्हीकडून सारखीच मिळते. वाचनाची शिस्त मात्र त्या विद्यार्थ्याला स्वतः लावून घ्यावी लागते, कारण इथे ती लावणारे वातावरण पुण्याइतके नाही. हे कटू असले तरी खरे आहे.

मधला एक पर्यायही आपल्या कानावर आला असेल: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे. त्यांचा प्रवेश अखिल भारतीय क्लॅट परीक्षेतून होतो आणि शुल्क बरेच जास्त आहे. कंपन्यांकडे किंवा दिल्लीकडे जायचे असेल तर विचार करावा. शहाद्याला परत यायचे ठरलेच असेल तर त्या खर्चाचे समर्थन मला करता येणार नाही.

पदवीनंतरचे चित्र आपल्याला आधी माहीत असलेले बरे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यावी लागते. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येणार नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिला टीपा नसलेले मूळ कायदे, ज्यांना आम्ही बेअर ॲक्ट म्हणतो, सोबत नेता येतात. न्यायाधीश होण्याचे स्वप्न असेल तर मे २०२५ पासून नियम बदलला आहे: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. म्हणजे शिक्षणाची पाच वर्षे आणि वर ही तीन. मला हा बदल योग्य वाटतो, पण त्याची झळ आपल्यासारख्या घरांना लागते, कारण ज्युनिअरशिपच्या सुरुवातीच्या वर्षांत मिळकत जेमतेम जाण्या-येण्यापुरती असते. तेवढी वर्षे घराचा आधार लागेल हे गृहीत धरून आजच बेत करावा. मुलींची संख्या बारमध्ये वाढली आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांना कामेही मिळतात. तालुक्याच्या काही न्यायालयांत मात्र महिला वकिलांसाठी बसायला धड खोली आणि स्वच्छतागृह नसते, आणि पक्षकार आधी विचारतात, 'ताई, मोठे वकीलसाहेब कुठे आहेत?' दोन-तीन निकाल लागले की ते विचारणे थांबते.

प्रवेशाचे काम असे आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची एम. एच. सीईटी विधी परीक्षा द्यावी लागते. प्रश्न इंग्रजी व मराठी दोन्ही भाषांत असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. त्यात आय. एल. एस. सर्वांत वर टाकायला हरकत नाही, पण खाली पुण्यातली आणखी दोन-तीन महाविद्यालये आणि शेवटी जळगाव-धुळ्यापैकी जिथे हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम असेल ते नाव अवश्य ठेवावे. एकच नाव भरून बसलेली मुले पहिल्या फेरीतच बाहेर राहिलेली मी पाहिली आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गात येत असेल, तर केंद्रीभूत फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण व परीक्षा शुल्क माफ होण्याची राज्याची योजना २०२४ पासून आहे. फेरीबाहेर व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा लाभ जातो.

कागदपत्रांची तयारी बारावीच्या निकालाची वाट न पाहता आत्ताच सुरू करावी. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असल्यास जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र व जात वैधता. नॉन-क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे ते नव्या आर्थिक वर्षाचे चालेल असे बघून घ्यावे. वैधतेला आपल्या भागात, विशेषतः अनुसूचित जमातीच्या दाव्यांत, फार वेळ लागतो. आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि जुन्या जन्म-मृत्यू नोंदींचे उतारे तहसील कार्यालयातून व जुन्या शाळांतून काढून जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव आताच दाखल करावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.